थंडीच्या पहाटे ट्रॅक्टरला ऊब कशी द्यावी



पौषातली पहाट आहे. वारा सुटायच्या आत द्राक्षबागेची फवारणी उरकायची आहे. औषध कालवून तयार आहे, गडीमाणसे शेकोटीपाशी हात शेकत उभी आहेत आणि ट्रॅक्टर काही बोलायला तयार नाही. किल्ली फिरवली की दोनदा कण्हतो, धुराड्यातून पांढऱ्या धुराची एक फुंकर सोडतो आणि गप्प बसतो. मग कुणी म्हणतो ढकला, कुणी म्हणतो खाली जाळ करा, कुणी स्क्रूड्रायव्हर शोधायला जातो. निफाड, दिंडोरीकडच्या मंडळींना हे चित्र नवे नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी कित्येक हिवाळ्यांत आपण ऐकलेली आहे. धुळे, जळगाव, विदर्भातही थंडीची लाट आली की हीच तऱ्हा.

अशा दिवसांत एक प्रश्न बरेच जण विचारतात. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या कॅनडात असतो. तो सांगतो, इकडे गाड्यांना विजेची वायर लावून ठेवतात आणि सकाळी गाडी एका फटक्यात सुरू होते. तसा हीटर आपल्या ट्रॅक्टरला बसवावा का? आज याच प्रश्नापासून सुरुवात करू.

त्या हीटरला ब्लॉक हीटर म्हणतात. कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचवान या गहू पिकवणाऱ्या प्रांतांत हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तिथे हा हीटर चैनीची वस्तू नाही, बैलाला दावे लागावे तितका तो गरजेचा आहे. गाड्या उभ्या करायच्या जागीसुद्धा विजेचे खटके बसवलेले असतात. हीटरची रचना साधी आहे. आपण पाणी तापवायला बादलीत विजेची कांडी सोडतो ना, तशीच एक छोटी कांडी इंजिनच्या ब्लॉकमध्ये, सिलिंडरभोवती जे पाणी खेळते त्या पाण्यात बसवलेली असते. ब्लॉकच्या अंगाला पत्र्याची गोल बुचे असतात, त्यांतले एक काढून त्या भोकात हीटर बसवतात. पाणी तापले की ते आपोआप वर सरकते, गार पाणी खाली येते, आणि हळूहळू सगळा ब्लॉक उबदार होतो. हीटर साधारण ४०० ते १००० वॅटचा असतो, मोठ्या ट्रॅक्टरला याहून मोठाही बसवतात. रात्रभर चालू ठेवायची गरज नसते, सुरू करायच्या आधी दोन ते चार तास पुरतात. हजार वॅटचा हीटर तीन तास चालला तर तीन युनिट वीज जळते, एवढा सोपा हिशेब आहे.

आता आपल्याकडे तो लागतो का? माझे स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात लागत नाही. इंजिन निरोगी असेल तर पाच-सात अंशांच्या थंडीत डिझेल इंजिन सुरू झालेच पाहिजे. होत नसेल, तर थंडीने फक्त आतला आजार उघडा पाडला आहे असे समजा. उन्हाळ्यात तोच आजार झाकून राहतो. हीटरवर पैसे घालण्याआधी तो आजार शोधा. शिवाय शेतातल्या विजेची पाळी, कच्ची अर्थिंग, ओल्या मातीतून ओढलेली जोडवायर, यांत हजार वॅटचा हीटर रात्री कुणी नसताना चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते. कुणी बसवलाच तर अर्थिंगची तीन पिनी जोडणी पाहिजे, ब्लॉकमध्ये पाणी भरलेले पाहिजे (कोरडा चालवला तर कांडी जळते), आणि ट्रॅक्टर हलवण्याआधी वायर काढलेली पाहिजे.

पण हीटर लागत नसला तरी त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे. डिझेल इंजिनला ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी पाडतो, डिझेलमध्ये तसे काही नाही. पिस्टन वर येतो, हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, आणि नुसत्या दाबाने ती इतकी तापते की त्यात उडालेले डिझेल आपोआप पेटते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तेच हे. आता गंमत बघा. सकाळी हवा ३० अंशांऐवजी ५ अंशांची असेल तर फरक फक्त पंचवीस अंशांचा. पण दाबल्यानंतर तोच फरक हिशेबाने साठ-सत्तर अंशांचा होतो. त्यात ब्लॉक गार, म्हणून तापलेल्या हवेची उष्णता तो लोखंडाचा ठोकळाच पिऊन टाकतो. त्यातून इंजिन हळू फिरत असेल तर हवेला रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. इंजिन जोरात फिरले पाहिजे आणि आतली ऊब टिकली पाहिजे.

तेव्हा ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर आधी कान आणि डोळे वापरा. सेल्फ मारताना इंजिन कसे फिरते ते ऐका आणि धुराड्याकडे बघा.

इंजिन कण्हत कण्हत, हळू फिरत असेल तर दोष बॅटरीच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात पूर्ण जोर देणारी बॅटरी शून्य अंशाच्या आसपास जेमतेम दोन तृतीयांश जोर देते. आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी आली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती धुऊन काढा, पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका, मग टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन चोळा. अर्थची वायर जिथे ट्रॅक्टरच्या अंगाला आवळलेली असते तिथला गंजही खरवडा. या जागेकडे कुणाचे लक्ष जात नाही. बुचे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने पाणी तपासून घ्या. १२६० ते १२८० आले तर बॅटरी भरलेली आहे. १२२० च्या खाली असेल तर चार्जिंगला टाका. एखाद्या खान्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा पन्नासाने कमी येत असेल तर त्या बॅटरीवर हिवाळा निघणार नाही.

ऑईलचेही तसेच. डब्यावर १५-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा. तो जितका लहान तितके ऑईल थंडीत पातळ राहते. नुसते ‘४०’ लिहिलेले जाड ऑईल थंडीत काकवीसारखे होते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे सांगितले आहे तेच घाला.

दुसरा प्रकार असा की इंजिन चांगले जोरात फिरते, पण धुराड्यातून काहीच बाहेर येत नाही. याचा अर्थ डिझेलच पोचत नाही. सगळ्यात आधी इंजिन बंद करायचा खटका बघा. हसू नका. काल संध्याकाळी ओढलेला खटका आत ढकलायचा राहिला म्हणून मिस्त्रीला बोलावणे गेलेले मी एकदा नव्हे, बरेचदा पाहिले आहे. खटका ठीक असेल तर फिल्टरकडे वळा. फिल्टरखालच्या वाटीत पाणी साचले असेल तर ते सोडून द्या. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री गारठ्याने आतल्या हवेतले बाष्प पत्र्यावर धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते. म्हणून हिवाळ्यात टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी भरावी. फिल्टर उघडल्यावर एअर काढायला मात्र विसरू नका.

इथे पिंपात साठवलेल्या डिझेलबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. थंडीत डिझेलमधले मेण घट्ट होते, खोबरेल तेल थिजते तसे, आणि ते फिल्टरमध्ये अडकते. आपल्या देशाच्या मानकात हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे डिझेल वेगळे धरलेले आहे. हिवाळ्याच्या डिझेलचा गोठणबिंदू जास्तीत जास्त ३ अंश असावा लागतो, उन्हाळ्याच्या डिझेलला १५ अंशांपर्यंत मुभा आहे. म्हणजे पौषात पंपावरून आणलेल्या डिझेलला आपल्याकडच्या थंडीत सहसा त्रास होत नाही. पण मे महिन्यात भरून ठेवलेले पिंप तुम्ही डिसेंबरात उघडले, तर कडाक्याच्या पहाटे ते दगा देऊ शकते. तसले डिझेल थंडी पडायच्या आत वापरून टाका. त्यात रॉकेल मिसळू नका. रॉकेलला डिझेलसारखा वंगणपणा नसतो आणि पंप व नोझल झिजतात.

याच डिझेलच्या मेणापायी लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली स्टोव्ह पेटवून डिझेल पातळ करत. तिकडच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरात बाजारात आले. आपल्याला त्याची गरज नाही, पण थंडीची गाठ कशी सोडवतात हे कळावे म्हणून सांगितले.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन जोरात फिरते, धुराड्यातून पांढरा धूरही येतो, पण पकड घेत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल पोचते आहे, ऊब पुरत नाही. इथे हीटर प्लग तपासावा. बऱ्याच लहान ट्रॅक्टरना तो असतो. किल्लीपाशी किंवा समोरच्या फळीवर तारेच्या वेटोळ्याचे चित्र दिसले तर तुमच्या ट्रॅक्टरला हीटर आहे असे समजा. किल्ली त्या खुणेवर पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारायचा. आपल्याकडच्या पुष्कळ मोठ्या ट्रॅक्टरना हीटर प्लग नसतोच आणि त्यांना तो लागतही नाही. अशा ट्रॅक्टरने थंडीत हट्ट धरला तर हवेची गाळणी चोंदली आहे का ते आधी बघा. ती साफ असेल तर नोझल, व्हॉल्व्हची फट आणि रिंग-लायनर मिस्त्रीकडून तपासून घ्या. घसरलेले कॉम्प्रेशन उन्हाळ्यात चालून जाते, हिवाळ्यात चालत नाही.

आता ऊब द्यायची आपली पद्धत. रेडिएटरमध्ये साधे पाणी वापरत असाल, तर पहाटे रेडिएटरची आणि ब्लॉकची अशी दोन्ही तोट्या उघडून गार पाणी सोडून द्या, तोट्या बंद करा आणि हाताला सोसेल इतके गरम पाणी भरा. ते खालच्या नळीतून ब्लॉकमध्ये चढते आणि पाच-दहा मिनिटांत सिलिंडर उबदार होतात. कॅनडातला हीटर तीन तासांत जे करतो तेच काम चुलीवरच्या दोन हंड्यांनी होते. उकळते पाणी मात्र कधीही ओतू नका. गार बिडाला उकळत्या पाण्याने तडा जातो, आणि ब्लॉकला तडा गेला तर हंगाम गेला. रेडिएटरमध्ये रंगीत कूलंट असेल तर ते सोडून देऊ नका, ते महाग असते आणि गंज रोखते. अशा वेळी हवेची नळी ज्या बिडाच्या फाट्याला जोडलेली असते, त्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके पाच मिनिटे ठेवा, आत जाणारी हवा ऊब धरते. डिझेल पंपावर गरम पाणी टाकू नका. पंपाचे आतले भाग केसाच्या फटीने बसवलेले असतात, एकदम तापले तर ते अडकून बसतात.

याहून सोपे म्हणजे रात्रीची ऊब टिकवणे. ट्रॅक्टर उघड्यावर न ठेवता भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून लावा. इंजिन गार झाले की बॉनेटवर गोणपाटे आणि वर ताडपत्री टाका. सकाळी सुरू करण्याआधी ती काढायची. रेडिएटरपुढे गोणपाट राहून गेल्याने दुपारी पाणी उकळल्याच्या तक्रारीही येतात.

आता जरा वेगळे बोलतो, आणि हे ऐकाच. मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामात होतो तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवर थंडीच्या सकाळी सेल्फ लागत नव्हता. किल्लीची वायर तुटली असेल म्हणून घरचा तरुण मुलगा खाली उतरला, मागच्या चाकापुढे उभा राहिला आणि त्याने सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. इंजिन एका फटक्यात सुरू झाले. पण ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. वर सीटवर कुणी नव्हते. मोठे चाक त्याच्या मांडीवरून गेले. तो वाचला, पण आज काठी घेऊन चालतो. किल्लीच्या वाटेने सेल्फ मारताना बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल केल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची सोय असते. स्क्रूड्रायव्हर टेकवला की ती सोय बाजूला पडते. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा. किल्ली चालत नसेल तर वायर दुरुस्त करून घ्या, एक दिवस फवारणी मागे पडली तरी चालेल.

खाली जाळ करण्याचेही तेच. पऱ्हाट्यांचा जाळ करून ऑईल चेंबर शेकायचा ही जुनी युक्ती. चेंबरच्या तळाशी थेंब थेंब ऑईल गळत असतेच, वरून डिझेलची रबरी नळी गेलेली असते, शेजारी वायरी असतात. वितभर ज्वाळा वर गेली तर आग विझवायला मातीच हाताशी असते. आणि आग लागली नाही तरी चेंबरच्या पत्र्याला लागलेले ऑईल करपते आणि तो काळा कीट पुढे ऑईलच्या जाळीत अडकतो.

तिसरी युक्ती म्हणजे हवेच्या गाळणीत पेट्रोलचा बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे. ज्या इंजिनला हीटर प्लग आहे, त्यात लालभडक तापलेल्या प्लगशी ही वाफ गेली तर पिस्टन वर येण्याआधीच भडका होतो. पिस्टन फुटतो, रॉड वाकतो, गाळणी तोंडावर उडते. या वाटेला जाऊच नका.

बंद शेडमध्ये दार लावून इंजिन तापवत ठेवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. दार उघडून, धुराडे बाहेरच्या बाजूला ठेवून सुरू करा. लहान मुले शेकायला धुराड्यापाशी येतात, त्यांना हटवा.

सुरू करायची रीत अशी ठेवा. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, मागचे अवजार खाली टेकवलेले, हँडब्रेक लावलेला. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑईलचा भार सेल्फवर येत नाही. रेस अर्धी ठेवा. हीटर असेल तर तो आधी. मग सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका. नाही लागला तर एक मिनिट थांबा. बॅटरी तेवढ्यात दम घेते आणि सेल्फची कॉईल जळत नाही. तीन-चार वेळा होऊन लागला नाही तर थांबा आणि वर सांगितलेले तीन प्रकार पुन्हा आठवा.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुरू करायचा असेल, तर दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच आहेत ना ते बघा. अधिकाला अधिक जोडा. उण्याची वायर आधी चांगल्या बॅटरीला लावा आणि तिचे दुसरे टोक शेवटी आपल्या इंजिनच्या अंगाला, बॅटरीपासून लांब, चकाकत्या लोखंडावर लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. त्या वेळी कुणाच्या तोंडात विडी नको.

इंजिन सुरू झाले की लगेच रेस वाढवू नका. ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर इंजिन बंद करा. दोन-तीन मिनिटे मध्यम वेगावर चालू द्या, ऑईल वर व्हॉल्व्हपर्यंत पोचू द्या, मग हलक्या कामाला लावा. काही जण अर्धा-अर्धा तास मंद चालवून तापवत बसतात, तेही बरोबर नाही. गार इंजिन मंद चालताना डिझेल पुरते जळत नाही आणि ते सिलिंडरवरून खाली ऑईलमध्ये उतरते. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापले की गेला पाहिजे. तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेडची गॅसकेट दाखवून घ्या.

विहिरीवर हाताने सुरू करायचे जुने इंजिन अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. थंडीत हँडल मारण्याआधी कॉम्प्रेशनचा खटका उचलून इंजिन दहा-बारा वेळा मोकळे फिरवा, ऑईल सुटते आणि अंग हलके होते. मग जोर धरून फिरवा आणि वेग आला की खटका सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती वळवू नका. इंजिनने उलटा हिसका दिला तर हँडल हातातून सुटून जाते आणि मनगट शाबूत राहते.